‘सगळं मॅनेज आहे’ म्हणणाऱ्या नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापूरमधल्या एका ताईंचे मिस्टर 47 वर्षांचे आहेत. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचे. दीड वर्षापूर्वी ते काम सुटलं आणि तेव्हापासून रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ चालू असतात. लस हा लोकसंख्या कमी करायचा डाव आहे, विमानातून रसायन फवारतात, नळाच्या पाण्यात काहीतरी मिसळतात, वरच्या बड्या लोकांनी सगळं मॅनेज केलंय, असं ते ठामपणे सांगतात. बीपीची गोळी त्यांनी बंद केली आहे आणि पाचवीतल्या मुलीला शाळेतली धनुर्वाताची लस घेऊ दिलेली नाही. मात्र रोज तिला शाळेत सोडतात, बाजारहाट करतात, घरात हात उगारत नाहीत. सासूबाई म्हणतात करणी आहे, भाऊ म्हणतो वेड लागलंय. ताई विचारतात, हा मानसिक आजार आहे का, आणि माणूस जिवाभावाचा असताना मी काय करू?

ताई, पत्रावरून निदान कुणीच करू नये, मीही करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात आजाराच्या खुणा कमी आहेत आणि काम सुटलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या, दुखावलेल्या माणसाच्या खुणा जास्त आहेत. ‘एवढं विचित्र मानतात म्हणजे डोकं फिरलं असणार’ ही पायरी आधी सोडा. माणूस काय मानतो त्यावरून आजार ठरत नाही. तो ते कसं मानतो आणि त्यापायी त्याच्या झोपेचं, कामाचं, जेवणाचं, माणसांचं काय झालंय, ते बघून ठरतं.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. मोबाइलवर फिरलेली एक अफवा गावाने खरी मानली. त्या जमावातल्या शेकडो लोकांना काही एकाच दिवशी मानसिक आजार झाला नव्हता. खोटी आणि घातक गोष्ट ठामपणे खरी मानायला निरोगी मेंदू पुरेसा असतो. दुसऱ्या बाजूने बघा, गंभीर आजार असलेला माणूस एखादी खरीसुद्धा गोष्ट मानत असू शकतो.

कायद्यानेही हे ओळखलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 3 नुसार, समाजात चालणारी राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक मतं एखादा मानत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. म्हणून वाद जिंकायचं हत्यार म्हणून निदान मिळवायला जाऊ नका. ते मिळणारही नाही आणि ‘बायको मला वेडा ठरवायला निघाली’ ही एक नवी गोष्ट तेवढी त्यांच्या यादीत जाईल.

मग फरक करायचा कसा? सर्वांत उपयोगी खूण एका शब्दात आहे: ‘आपल्याला’ की ‘मला’. कटावर विश्वास ठेवणारा म्हणतो, मूठभर बडे लोक आपल्या सगळ्यांना फसवताहेत. संशयाचा आजार असलेला म्हणतो, सगळे मिळून मला एकट्याला घेरताहेत. ‘पाण्यात काहीतरी टाकतात’ हे पहिलं. ‘पाणी सोडणारा माणूस आपल्या घराच्या नळातच टाकतो, मी त्याला बघून ओळखलंय’ हे दुसरं. तुमचे मिस्टर अजून ‘आपल्याला’वर आहेत. ते ‘मला’कडे सरकताहेत का, एवढं कान देऊन ऐका.

दुसरी खूण म्हणजे गोष्ट आली कुठून. व्हिडिओ दाखवता येतो, आणखी हजारो लोक तेच बोलतात, ग्रुपवर चर्चा होते, तर ती उसनी घेतलेली समजूत आहे. ‘बातम्या वाचणारी बाई माझ्याकडे बघून खूण करते’, ‘समोरच्याने लाल टॉवेल वाळत घातला तेव्हाच मला कळलं’ असं कुणी म्हणू लागलं, तर ती समजूत आतून उगवलेली आहे आणि तिथे डॉक्टर लागतो. तसा माणूस कटवाल्या ग्रुपमध्येही फार दिवस टिकत नाही, त्याला तेही फितूर वाटू लागतात.

सासूबाईंच्या करणीचंही याच मापाने बघता येतं. भावकीने करणी केली असं मानणारी माणसं आपल्याकडे घराघरात आहेत. त्यांना आपण आजारी म्हणत नाही, कारण ती समजूत आजूबाजूच्या चार लोकांची असते. पण आजार आला की तो हाताशी असलेलेच शब्द उचलतो. पूर्वी करणी होती, मग रेडिओच्या लहरी आल्या, आता चिप आणि टॉवर आहेत. म्हणून ‘चिप’ ऐकून घाबरू नका आणि ‘करणी’ ऐकून निश्चिंतही राहू नका. देवऋषीकडे मात्र नेऊ नका. जो माणूस आधीच म्हणतोय की सगळे मिळून माझ्यावर काहीतरी करताहेत, त्याच्यावर खरोखर काहीतरी करण्यासारखं होईल ते.

एक अडचणीची जागा सांगतो, कारण इथे डॉक्टरही चुकतात. भ्रमविकार नावाचा एक आजार मध्यम वयात सुरू होतो आणि त्यात त्या एका विषयाखेरीज माणूस अगदी ठाकठीक असतो. हिशेब चोख, बोलणं सरळ, कपडे नीट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात त्यासाठी भ्रम साधारण तीन महिने टिकलेला लागतो, अमेरिकेतल्या वर्गीकरणात एक महिना. म्हणजे ‘बाकी सगळं नीट आहे’ एवढ्यावर आजार नाहीच असं म्हणता येत नाही. तिथेही पुन्हा ‘मला’ हाच शब्द कामाला येतो.

आणखी काही कारणं चटकन बघून टाका. रात्री दोन-तीन तासच झोप, तरी सकाळी दुप्पट उत्साह, पैसे उधळणं, बोलण्याची गाडी न थांबणं, हे उन्मादाचं चित्र आहे आणि त्यावर औषधं चांगली चालतात. दोनपर्यंत जागून दुपारी पेंगणं वेगळं. मन उतरलेलं असेल, भूक गेली असेल, ‘जगून काय करायचंय’ असं येत असेल, तर खालचा आजार नैराश्य असू शकतो आणि व्हिडिओ ही फक्त वेळ काढायची जागा. गांजा, दारू आणि सांधे-दम्यासाठी घेतलेलं स्टेरॉइड यांनीही संशय वाढतो. माणूस साठीपुढचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं. त्या वयात नव्याने आलेला संशय हा स्मृतिभ्रंश, ऐकू कमी येणं, बी-12 किंवा थायरॉइडची कमतरता यातून येऊ शकतो आणि दोन-चार दिवसांत अचानक आला असेल तर लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम घसरणं. तिथे वाद घालत बसायचं नसतं, त्याच दिवशी तपासणी करायची असते.

आता घरात काय करायचं ते. आधी हे मान्य करा की त्यांच्या प्रत्येक गोष्टीत खऱ्याचा एक खडा आहे. विमानाचंच घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर भागातच विमानाने ढगांत कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. तो उघडपणे केला, निकालही छापला. वाऱ्याच्या दिशेच्या ठरावीक पट्ट्यात साधारण 18 टक्के जास्त पाऊस मिळाला, एवढंच त्यातून निघालं. आता मिस्टर म्हणाले ‘विमानातून फवारतात’ आणि तुम्ही म्हणालात ‘काहीही!’, तर त्या एका वाक्यात चूक तुमची होते. त्यापेक्षा म्हणा, “होय, सोलापुरावर फवारलं होतं की. कशासाठी, किती आणि कुणी, ते आपण बघू.” पाण्याचंही तसंच. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी येतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं पाणी काही दिवसांआड आलंय, पहिल्या धारेला वास असतो. या शहरातल्या माणसाने नळावर संशय घेतला तर त्यात वेडेपणा काय? गिरण्या बंद पडताना कामगारांना सगळ्यांत शेवटी कळलं, आणीबाणीत 1976 साली नसबंदीची सक्ती झाली तीही खरी, आणि त्यानंतर कित्येक वर्षं लोक सरकारी सुईला घाबरत राहिले. संशय जिथून निघतो ती जागा बरोबर असते, पोचतो ती चुकीची.

म्हणून सगळ्या गोष्टींवर एकदम तुटून पडू नका. तपासता येईल अशी एकच निवडा. मला विचाराल तर पाणी घ्या. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. रासायनिक तपासणीला दोन लिटर स्वच्छ कॅनमध्ये लागतं. जीवाणूंच्या तपासणीसाठी मात्र बाटली त्यांच्याकडचीच निर्जंतुक घ्यायची आणि नमुना गार ठेवून 24 तासांच्या आत पोचवायचा. घरच्या बाटलीत नेला तर निकाल खराब येतो आणि विनाकारण नवं कोलीत मिळतं. नमुना मिस्टरांनीच भरू द्या, नाहीतर म्हणतील मध्ये कुणी बदलला. आणि जाण्याआधी ठरवून घ्या, “रिपोर्ट चांगला आला तर काय मानायचं? वाईट आला तर काय करायचं?” दुसरा भाग तुम्हीही प्रामाणिकपणे पाळायचा. वाईट आला तर पाणी उकळा, महापालिकेत तक्रार करा, आणि “तुम्ही बरोबर होता” असं स्पष्ट म्हणा. रिपोर्ट आल्यावर “प्रयोगशाळाच विकली गेलीय” असं उत्तर आलं तरी भांडू नका. ते वाक्य तारखेसह लिहून ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

बोलायची वेळ आणि जागा याला शब्दांइतकंच महत्त्व आहे. रात्री व्हिडिओ बघून झाल्यावर नाही, आणि तुमच्या भावासमोर तर मुळीच नाही. मेहुण्यासमोर माघार घेईल असा नवरा अजून जन्माला यायचा आहे. सकाळी मुलीला सोडून आल्यावर, चहाच्या वेळी, दोघंच असताना बोला. आधी पाच मिनिटं फक्त ऐका आणि मग त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगा: “म्हणजे तुम्हाला वाटतं की लसीमुळे पुढे मुलीला त्रास होईल, बरोबर?” ते “होय” म्हणाले की तुमचा पाय टेकला. त्यानंतर एकच प्रश्न विचारा. “हे खोटं असतं तर आपल्याला कशावरून कळलं असतं?” किंवा “हे सांगणारा माणूस शेवटी काय विकतो?” दुसरा प्रश्न हिशेबवाल्या माणसाला फार लवकर समजतो, कारण या व्हिडिओंच्या तळाशी बऱ्याचदा शरीर शुद्ध करणारी पावडर, काढा, नाहीतर पैसे भरायचा कोर्स असतो. उत्तर लगेच मागू नका. प्रश्न टाकून भाजी निवडायला लागा.

‘पुराव्याने अशी माणसं बदलतच नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात लोकांना त्यांची स्वतःची कटाची समजूत नेमक्या शब्दांत लिहायला सांगितली आणि संगणकाच्या चॅटबॉटने नेमक्या त्याच मुद्द्यांना शांतपणे उत्तरं दिली. सरासरी पाचव्या हिश्श्याने विश्वास कमी झाला आणि दोन महिन्यांनीही तो कमीच होता. घरी हे का जमत नाही? कारण आपण त्यांनी न म्हटलेल्या गोष्टीला उत्तर देतो, आणि वर आवाज चढवतो. चॅटबॉटला मेहुण्याचा सूर लावता येत नाही, त्याचा फायदा आहे. पण पाचवा हिस्सा म्हणजे पाचवा हिस्साच. एका बैठकीत सगळं सुटेल अशी आशा धरू नका.

उलट बाजूने, एखादी गोष्ट वारंवार ऐकली की ती खरी वाटू लागते, हे 1977 पासूनच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. रोज चार तास व्हिडिओ आणि आठवड्यात एकदा तुम्ही, हा सामना बरोबरीचा नाहीच. म्हणून तास कमी करणं हे समजावण्यापेक्षा जास्त काम करतं. त्यांच्या संमतीने यूट्यूबमधला पाहण्याचा इतिहास पुसा, तो नोंदवणं थांबवा आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद करा. यादी दोन दिवसांत बदललेली दिसते. चार्जर हॉलमध्ये ठेवा, झोपायच्या खोलीत नको. हे चोरून केलंत तर ‘माझ्या फोनमध्ये कुणीतरी घुसलंय’ असं होईल आणि त्या वेळी ते म्हणणं खरं असेल.

आणि रिकामा वेळ. ग्रुपवर ते जाणकार आहेत, लोक त्यांना विचारतात. घरी ते काम गेलेले आहेत. ती जागा भरल्याशिवाय हा नाद सुटत नाही. एखाद्या यंत्रमागवाल्याची जीएसटीची वही, सोसायटीचे हिशेब, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या एखाद्या मंडळाचा जमाखर्च, पैसे थोडे मिळाले तरी चालतील. लोकांनी विचारावं असं काम हवं.

तीन ठिकाणी मात्र त्यांना पटायची वाट बघू नका.

बीपीची गोळी. आधी गोळीचं नाव बघा. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर ती एकदम तोडल्यावर छातीत धडधड, बीपी उसळणं, हृदयाचा त्रास होऊ शकतो, तेव्हा याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा. बाकी कुठलीही असेल तर दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र आणा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसायचं, मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मोजण्या, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. वहीत त्यांनीच लिहायचं. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढायची. ती 135/85 च्या वर असेल तर गोळी लागते, आणि हा आकडा कुठल्या कंपनीने दिलेला नसून त्यांच्या हाताने लिहिलेला असतो. हिशेबाच्या माणसाला स्वतःची बेरीज नाकारणं जड जातं. 180/120 च्या वर जाऊन डोकं दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, हात-पाय लुळा पडणं असं काही दिसलं तर वही बंद, सरळ दवाखाना.

मुलीची लस. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी कार्यक्रमात धनुर्वात-घटसर्पाची लस असते. शाळेत राहिली तर नागरी आरोग्य केंद्रात मिळते. लपवून नेऊ नका. आदल्या दिवशी सांगा, “उद्या मी तिला लस द्यायला नेतेय. तुम्हाला पटत नाही हे माहीत आहे. आलात तर बरं वाटेल.” मुलीला ‘बाबांना सांगू नको’ हे ओझं कधीही देऊ नका.

पैसे. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते. घर, सोनं, ठेवी यांवरचं कर्ज दोघांच्या सहीशिवाय नाही, एवढं आत्ताच, वातावरण शांत असताना बोलून घ्या. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जायची शक्यता सर्वांत जास्त असते.

डॉक्टरकडे न्यायचं ठरलं तर ‘डोक्याच्या’ म्हणून नेऊ नका. झोप बिघडली आहे हे त्यांनाही मान्य असेल, त्या कारणाने न्या. ते खोटंही नाही. सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. ते यायला तयार नसतील तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा, किंवा 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोला. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. सोबत एक कागद न्या: कधी सुरू झालं, झोप किती, वजन, व्यसन, चालू आणि बंद केलेल्या गोळ्या, घराण्यात कुणाला आजार, आणि त्यांची पाच-सहा वाक्यं जशीच्या तशी. मघाशी लिहून ठेवायला सांगितलेलं वाक्य इथे लागतं. ‘फार संशयी झालेत’ यातून डॉक्टरला काही कळत नाही, त्यांच्या तोंडच्या वाक्यातून कळतं.

डॉक्टरांनी औषध दिलं तर ते वरणात किंवा चहात मिसळून देऊ नका. बऱ्याच घरांत हे होतं आणि त्यामागची अगतिकता मला समजते. पण एक दिवस चव लागते, पाकीट सापडतं, आणि ‘मला काहीतरी खाऊ घालताहेत’ हा भ्रम त्या दिवसापुरता भ्रम राहत नाही. त्यानंतर बायकोच्या हातचं जेवण सुटतं. शिवाय डोस मोजता येत नाही आणि अंग ताठणं, लाळ गळणं असं काही झालं तर ते कशाने हे माणूस सांगूच शकत नाही. भ्रमावरच्या औषधांनी झोप आणि बेचैनी काही दिवसांत सुधारते, पण समजूत सैल व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.

हात बांधून थांबायचं नाही अशी वेळही सांगून ठेवतो. ते एखाद्या शेजाऱ्याचं नाव घेऊन ‘याला बघून घेतो’ म्हणू लागले, उशाखाली कोयता-चाकू ठेवू लागले, कानात हुकूम देणारे आवाज येऊ लागले, घरचं अन्नपाणी सोडलं, किंवा मरणाची भाषा आली, तर 112 किंवा जवळचं रुग्णालय. तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार करू शकतो. त्यापुढे संमतीशिवाय ठेवायचं असेल तर दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासून तसं नोंदवावं लागतं आणि तेही पहिल्यांदा 30 दिवसांपर्यंतच. ‘नवऱ्याला आत टाकलं’ असं कुणी म्हणालं तर ही प्रक्रिया त्यांना सांगा. आणि हात तुमच्यावर किंवा मुलीवर उठला, तर तो आजार आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी माहेर किंवा 181.

आज तरी यातलं काहीच तुमच्या घरी नाही. वही, पाण्याचा नमुना आणि हॉलमधला चार्जर एवढं या महिन्यात करा. तीन-चार महिन्यांत कधीतरी ते एखादी गोष्ट गुपचूप सोडतील. ग्रुप म्यूट होईल, किंवा गोळीची पट्टी पुन्हा टेबलावर दिसेल. त्या वेळी “मी म्हणतच होते” हे तीन शब्द गिळून टाका. गोळीच्या पट्टीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवा, आणि विषय काढायचा असेल तर तो त्यांना काढू द्या.